तीस वाड्या, सहासष्ट गावे आणि एक बांध

नोकरीत असताना जुवारी नदीच्या काठच्या एका खाजन शेताचा बांध दुरुस्त करायचे काम माझ्याकडे आले होते. मी स्थापत्य अभियंता. नकाशा पसरला, फुटलेला भाग मोजला, अंदाजपत्रक तयार केले. जुनी लाकडी मानस कुजली होती. ती काढून मी तिथे लोखंडी झडप बसवली. फिरवायला चाक, रंगाचे तीन हात, सगळे कसे व्यवस्थित. गावातला एक म्हातारा शेतकरी रोज येऊन बांधावर बसायचा. तो एवढंच म्हणाला, "साहेब, हे चाक रात्री दोन वाजता फिरवणार कोण?" मी हसलो. तिसऱ्या पावसाळ्यात चाक गंजून बसले, झडप अर्धी उघडी राहिली आणि खारे पाणी पलीकडच्या गावाच्या शेतापर्यंत गेले. चूक माझीच होती, दुसऱ्या कुणाची नाही.

त्या वेळी दोन्ही गावांतले लोक भांडत माझ्याकडे आले. बांधाच्या मधोमध दोन गावांची शीव जात होती. फूट एकाच्या हद्दीत, नुकसान दुसऱ्याचे. पूर्वी याचा निवाडा कोण करायचे, असे मी सहज विचारले. उत्तर आले, "गावकारी." कुठल्या गावाची? यावर मात्र एकमत होईना. एक जण म्हणाला, आमच्या. दुसरा म्हणाला, दोन्ही. तो म्हातारा म्हणाला, "सगळ्यांची." हे "सगळ्यांची" म्हणजे नेमके काय, ते शोधायला मी लागलो आणि त्यातच इतिहासाचा नाद लागला. संध्याकाळी शब्दकोश घेऊन पोर्तुगीज शिकलो. आता नोकरी सुटली आहे, नाद सुटलेला नाही.

आधी खाजनाबद्दल दोन शब्द, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. गोव्यात मांडवी आणि जुवारीच्या मुखापासून भरतीचे पाणी बरेच आत येते. काठची सखल जमीन भरतीच्या पातळीखाली असते. चिखल आणि चिरे वापरून तिच्याभोवती बांध घालायचा, बाहेरच्या अंगाला खारफुटी राखायची म्हणजे लाटेचा मार कमी होतो. बांधात ठिकठिकाणी मानस, म्हणजे लाकडी दारांचे मोरीसारखे बांधकाम. भरतीचे पाणी चढले की त्या दाबानेच दारे मिटतात. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी दारांना बाहेर ढकलून वाट काढते. चाक नाही, हात नाही. मानसीच्या आतल्या अंगाला पाणी साठायला पोंय असते आणि तिथल्या मासळीचा लिलाव होतो. पाऊस जमिनीतला खार धुऊन नेतो आणि कोरगुट, आसगो असली खार सोसणारी भाताची जात पिकते. हे सगळे एका माणसाच्या बळावर चालत नाही. एका गावाच्याही नाही. बांध फुटून खारे पाणी एकदा शेतात शिरले की जमीन ताळ्यावर यायला दोन-तीन पावसाळे जातात. आणि पाणी शीव बघून आत येत नाही.

आता नावांकडे या. तिसवाडी म्हणजे तीस वाड्या. साष्टी म्हणजे सहासष्ट गावे. बारदेश म्हणजे बारा देश, असे सांगतात. तीस आणि सहासष्ट मिळून शहाण्णव होतात आणि शहाण्णव कुळांनी येऊन वस्ती केल्याची परशुरामाची कथा त्याच हिशेबावर उभी आहे. कथा बाजूला ठेवा. पण तालुक्याचे नाव डोंगरावरून, नदीवरून किंवा राजावरून न पडता गावांच्या संख्येवरून पडले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. मुंबईजवळच्या साष्टीच्या नावाचाही असाच उलगडा करतात. मोजदाद करून गावे एकत्र धरायची ही कोकणपट्टीची जुनी रीत दिसते.

गावांचा हा संघ कागदावर स्पष्ट दिसतो तो १५२६ साली. पोर्तुगीजांनी २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशहाकडून गोवा घेतले, तेव्हा त्यांच्या हाती आले ते मुख्यतः तिसवाडी बेट. बारदेश आणि साष्टी १५४३ मध्ये आले. वसूल कसा घ्यायचा हे नव्या मालकांना कळेना. मग महसूल बघणाऱ्या आफोंसो मेशिया या अधिकाऱ्याने गावकारांना विचारून त्यांच्या चालीरीतींची सनद तयार केली. १६ सप्टेंबर १५२६ ही तिची तारीख आणि तिच्यात ४९ कलमे आहेत. तिला 'फोराल' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात कुन्या रिवारा यांनी ती छापली आणि १९०० साली बेडन-पॉवेल यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तिच्यावर लेख लिहिला. दामोदर कोसंबींनी १९४७ मध्ये याच विषयावर निबंध लिहिला. कोसंबी मूळचे गोव्याचेच. माझ्यासारख्या हौशी माणसाला त्यांचा निबंध दोनदा वाचावा लागतो, पण वाचावाच.

फोराल सुरू होतो तो एका छोट्या कहाणीने. पूर्वी चार माणसे ओसाड जागी आली, त्यांनी ती लागवडीखाली आणली, चांगला कारभार केला, वस्ती वाढली आणि म्हणून त्यांना गावकार म्हणू लागले. पोर्तुगीज कारकुनाने हे ऐकून लिहून घेतले असणार. मला त्यात दावा दिसतो: जमीन राजाने दिलेली नाही, आम्ही केली. समुद्रातून काढलेल्या जमिनीबाबत हा दावा कुणी सहज खोडू शकत नाही.

गावकार म्हणजे मूळ कुळांचे पुरुष. ही कुळे वांगडांत वाटलेली. बैठकीत वांगडाच्या क्रमाने बसायचे, बोलायचे. लिहायला कुलकर्णी. निर्णय एकमताने. एकाने जरी हरकत घेतली तरी ठराव अडायचा. सरकारचा ठरलेला वसूल भरून, बांध-देऊळ-रस्त्याचा खर्च भागवून जे उरेल ते गावकारांत वाटायचे, त्याला जोण म्हणतात. काही गावांत ते माणशी, काहींत टांगा नावाच्या हिश्शांवर. सुतार, लोहार, न्हावी, परीट, देवळातल्या भाविणी यांना चाकरीपोटी जमिनी दिलेल्या, त्यांना नमशी म्हणत. फोरालमध्ये या यादीत हसवणारे विदूषकसुद्धा आहेत! गावाच्या अंदाजपत्रकात विदूषकासाठी तरतूद. मी सरकारात नोकरी केली, मला हे वाचून बरे वाटले.

इथपर्यंत एका गावाची गोष्ट झाली. त्यावर संघ कसा उभा होता ते पाहू. तिसवाडीच्या गावांत आठ गावे मुख्य मानलेली होती: थोरले नेवरे, गांशी, एळा, आजोशी, करमळी, बाती, कालापूर आणि थोरले मोरंबी. आजच्या नावांनी सांगायचे तर एळा म्हणजे जुने गोवे, कालापूर म्हणजे सांताक्रूझ, मोरंबी म्हणजे मेरशी. या आठ गावांचे गावकार मुख्य ठाणेदारासमोर बसून साऱ्या बेटाचा कारभार ठरवत. सगळ्या बेटावर काही रक्कम बसली की कुणाच्या वाट्याला किती, ते इथे ठरे. साष्टी आणि बारदेशातही अशाच सर्वसाधारण सभा होत्या, पोर्तुगीज त्यांना 'कामारा जेराल' म्हणत.

या सभेचे खरे काम एका कलमात दिसते आणि माझ्या मते सगळ्या फोरालचा गाभा तिथे आहे. एखादे गाव बुडाले, वसूल भरू शकत नसेल, तर त्याच्या गावकारांनी तसे कळवायचे. मग मुख्य गावांचे गावकार आणि ठाणेदार मिळून ते गाव लिलावाने चालवायला देणार. आणि तरीही तूट आली तर? ती साऱ्या बेटावर वाटली जाणार. म्हणजे करमळीचा बांध फुटला तर त्याची झळ कालापूरच्या गावकाराच्या जोणीला लागणार. आता सांगा, कालापूरचा माणूस करमळीच्या बांधाकडे दुर्लक्ष करील? बेटाच्या भोवती मांडवी, जुवारी आणि कुंभारजुव्याची खाडी. काठ सलग, पाणी एक, जोखीम एक. या पाण्यामुळेच हा संघ जुळला, हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. राजाला मात्र ही जोडणी फार सोयीची होती, हे उघड आहे. एका गावाकडून वसूल चुकला तरी बेटाकडून येणारच! विजयनगर, बहामनी, आदिलशाही, पोर्तुगीज असे मालक पाठोपाठ बदलले, पण संघ मोडण्याची घाई कुणाला झाली नाही ती यामुळे. आदिलशाहीत घोडदळाच्या खर्चासाठी 'गोडेवरड' नावाची पट्टी वर चढली, तीही याच यंत्रणेतून वसूल झाली. यंत्रणा चालू राहिली, ओझे वाढत गेले.

फोरालमधली बरीच कलमे मानापानाची आहेत. सभेत पानविडा आणि पासोडी कुणाला आधी, कुणाला नंतर. पहिल्यांदा वाचताना मी ही कलमे ओलांडून पुढे गेलो होतो. इंजिनिअरची सवय, आकडे आधी. नंतर लक्षात आले की जिथे सैन्य नाही, तुरुंग नाही, तिथे मानाचा क्रम हीच घटना असते. सिंधुदुर्गातली गावऱ्हाटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. ताळगावच्या गावकारांना भाताची पहिली कापणी करण्याचा मान होता आणि पहिली कणसे मुख्य चर्चच्या वेदीवर वाहायची होती, असे फोराल सांगतो. इतरांनी त्यानंतरच विळा लावायचा. विजयाला अवघी सोळा वर्षे झाली होती आणि कणसे चर्चमध्ये पोचली होती. त्याआधी ती कुठे जात असतील ते सांगायला नको. ताळगावात आजही ऑगस्टमध्ये कणसाचे फेस्त होते.

या गावकारीला कुणी 'जगातली जुनी लोकशाही' म्हणते, तेव्हा मला अवघडल्यासारखे होते. मेटकाफने १८३० मध्ये हिंदुस्थानातल्या गावांना छोटी प्रजासत्ताके म्हटले आणि तेव्हापासून आपण ते वाक्य गिरवत आहोत. गावकारांच्या सभेत बाई नव्हती. वारसाही मुलग्यांचाच. बाहेरून आलेला कितीही पिढ्या राहिला तरी मुंडकार तो मुंडकारच. आणि बांधावर चिखल कुणी ओढला? गावडे, कुणबी यांच्या घामाचा त्या ४९ कलमांत मागमूस नाही. संघ होता तो मालकांचा. परस्परांना जामीन राहिलेल्या भागीदारांची पेढी म्हटली तर जास्त जवळ जाईल. पण तीही लहानसहान गोष्ट नव्हे. एकमेकांचे बुडणे वाटून घ्यायचे, हे लिखित स्वरूपात मान्य करणारी माणसे आजही फारशी भेटत नाहीत.

मग या गावांचे झाले परगणे, चर्चचे. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडली गेली. देवळांच्या जमिनी गावकारीच्या व्यवस्थेत होत्या, त्यांचे उत्पन्न कुठे जाणार? १५४१ मध्ये तिसवाडीच्या गावकारांना एकत्र बोलावून ते उत्पन्न चर्चसाठी द्यायला "राजी" करण्यात आले. अवतरणचिन्हे माझी. ज्या सभेत तुटीची वाटणी व्हायची, त्याच सभेत हे झाले. पुढे साष्टीतली देवळे गेली. गावातल्या देवळाच्या जागी चर्च, देवळाच्या जमिनीवर चर्चचा खर्च, उत्सवाचा मान पूर्वीच्याच घराण्यांना. धर्म बदलला, वांगड बदलले नाहीत. हिंदू राहिलेल्या गावकारांना सभेतून हळूहळू बाहेर काढले गेले. ज्यांना राहायचे नव्हते ते देव घेऊन नदीपलीकडे गेले: कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हालसा म्हार्दोळला. आज त्या देवळांत महाजन म्हणून ज्यांची नावे लागतात, त्यांच्या मूळ गावांत त्याच कुळांतले ख्रिस्ती गावकार भेटतात. मी दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. काही जुने कागद मोडीत, काही गोंयकानडीत, बाकी पोर्तुगीजमध्ये.

सगळ्याच गावांनी मान तुकवली नाही. साष्टीच्या दक्षिण टोकाला कुंकळ्ळी, आसोळणा, वेळ्ळी, आंबेली आणि वेरोडा ही पाच गावे एकमेकांना धरून होती. त्यांनी वसूल भरायचे थांबवले. पोर्तुगीजांनी देवळे जाळली, बागायती तोडल्या. १५ जुलै १५८३ रोजी चर्चसाठी जागा बघायला जेझुइट पाद्री कुंकळ्ळीत आले, तेव्हा गावकरी त्यांच्यावर तुटून पडले. पाच जेझुइट आणि त्यांच्याबरोबरचे काही जण मारले गेले. त्यांत रोदोल्फो आक्वाविवा होता, जो नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. पुढे बोलणी करायची म्हणून गावांच्या सोळा प्रमुखांना आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि ठार केले. एक तेवढा नदीत उडी टाकून निसटला. गावांच्या जमिनी काढून बाहेरच्यांना दिल्या गेल्या. १८९३ मध्ये त्या पाच जेझुइटांना चर्चने धन्य घोषित केले. मेलेल्या प्रमुखांचे स्मारक उभे राहायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

कुंकळ्ळीची देवी शांतादुर्गा फातर्प्याला गेली. पण वर्षातून एकदा, शिगम्याच्या दिवसांत, ती परत येते. गुलालाने लाल झालेल्या गर्दीत बारा छत्र्या नाचत येतात, बारा वांगडांच्या बारा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी एका छत्रीकडे बोट दाखवून सांगितले, "ती आमची." गळ्यात त्यांच्या क्रूस होता. जमीन गेली, सभा गेली, जोण गेली. क्रम राहिला.

पुढचा इतिहास सरकारी कायद्यांचा आहे आणि तो मी थोडक्यात उरकतो. पोर्तुगीजांनी गावकारीला 'कोमुनिदाद' म्हटले आणि तिच्यासाठी १९०४, १९३३ आणि शेवटी १९६१ मध्ये संहिता केल्या. प्रत्येक संहितेत सरकारी अधिकाऱ्याची सही वाढली आणि गावाची कमी झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाले. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि पुढच्या दुरुस्त्यांनी कसणाऱ्याला जमीन मिळाली. जे व्हायला हवे होते ते झाले, आणि चारशे वर्षे उशिरा झाले. पण बांध राखायचे काम कुळांच्या संघटनांकडे आले. या संघटना एका गावाच्या किंवा एका शेतापुरत्या. तूट साऱ्या बेटावर वाटणारे ते कलम कुठल्याही नव्या नियमात आले नाही. आता मानसीच्या मासळीचा लिलाव तेवढा जोरात होतो. मासळी हवी म्हणून कुणी मानस उघडी ठेवतो, खारे पाणी शेतात राहते आणि भात जाते. भाताला भाव नाही, कोळंबीला आहे, त्यामुळे बोलायची सोय नाही.

मागच्या मे महिन्यात मी त्या जुन्या बांधावर पुन्हा गेलो. तो म्हातारा आता नाही. माझी लोखंडी झडप भंगारात गेली आहे आणि तिच्या जागी वाळूने भरलेली पोती आहेत. दोन्ही गावांच्या संघटनांची एकत्र बैठक लागली होती, मला "जुने कागद माहीत असलेला माणूस" म्हणून बोलावले होते. मी फोरालचे ते कलम मराठीत करून नेले होते आणि लाकडी मानसीचे रेखाटनही. लाकूड कोणते, दारे किती रुंद, खर्च निम्मा-निम्मा, इथपर्यंत आले. मग मागच्या रांगेतला एक तरुण उठला. त्याचे म्हणणे असे की फूट पलीकडच्या हद्दीत आहे, तर निम्मा खर्च आम्ही का द्यायचा? त्याच्या आजोबांच्या शेतात माझ्या झडपेमुळे पाणी शिरले होते, हे मला नंतर कळले. अध्यक्षांनी मतदान घेतले नाही. बैठक पुढच्या रविवारवर टाकली आणि पोत्यांत नवी वाळू भरायला चार माणसे नेमली, दोन अलीकडची, दोन पलीकडची.